उन्हात पुसलेली अक्षरं

कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी मॅडम नळाला हात लावायच्या. पाणी प्यायचं नसायचं, हात धुवायचे नसायचे. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या लोखंडी नळावर तळवा टेकवायचा, क्षणभर तसंच उभं राहायचं आणि मग टेबलाकडे वळायचं. कॉलेजात नव्याने आलेल्या माणसाला वाटे, ही बाई नळाला नमस्कार करते की काय. आमच्या शिपायाने एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सर, मॅडमचं काही तरी व्रत आहे."

व्रत नव्हतं. कोरड्या हवेत आपल्या अंगावर थोडी वीज साचते, ती आपल्याला कळतही नाही, पण नाजूक यंत्रांच्या पोटातले भाग तेवढ्यानेही जळतात. लोखंडी नळाला हात लावला की ती जमिनीत निघून जाते. हे मॅडम हैदराबादला शिकल्या होत्या. नागपूरला एम.एस्सी. झाल्यावर हैदराबादच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात त्यांनी काही वर्षं काढली होती. गाव त्यांचं वाशीमजवळचं अनसिंग. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले, आणि छप्पन साली बौद्ध झाल्यावर त्यांनी पहिलं काम कोणतं केलं असेल तर मुलीला शाळेत घातलं. ते वारले, आई एकटी पडली, म्हणून मॅडम चांगली नोकरी सोडून वाशीमला आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला आल्या.

त्यांच्या तोंडी दोन शब्द कायम असायचे. "पुन्हा पाहू." प्रयोग फसला, पुन्हा पाहू. प्रयोग जमला, तरी पुन्हा पाहू. एखादा मुलगा पुस्तकातल्यासारखं तंतोतंत उत्तर काढून घेऊन आला की त्या कौतुकाने त्याच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "इतकं बरोबर कसं आलं? चल, पुन्हा पाहू." त्या मुलाला दरदरून घाम फुटायचा. थोडं चुकलेलं उत्तर आणणाऱ्याला मात्र त्या खुर्ची द्यायच्या.

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं आली असतील. त्यांना घाई नसते, आणि त्यांच्यासमोर आपल्याला आपली घाई दिसायला लागते. मी मराठी शिकवायचो. त्यांचा माझा संबंध स्टाफरूममधल्या चहापुरता. तो वाढला १९७९ साली, शेठजींच्या घरी आलेल्या मशीनमुळे.

शेठजी म्हणजे गावातले एक जैन कापड दुकानदार. त्यांचा धाकटा भाऊ अमेरिकेत इंजिनियर होता. तो सुटीवर आला तेव्हा घरात वापरायचा कॉम्प्युटर घेऊन आला, आणि पुतण्यांनी शिकावं म्हणून जाताना ठेवून गेला. टाइपरायटरसारख्या कळा, एक पडदा, बाजूला टेप रेकॉर्डर. अमेरिकेतली वीज निम्म्या दाबाची, म्हणून मधे एक विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर. आमच्या गावात तेव्हा टीव्हीसुद्धा नव्हता. काचेवर आपोआप अक्षरं उमटतात हे दृश्यच कुणी पाहिलेलं नव्हतं. जऊळक्याची, केनवडची गिऱ्हाइकं लुगडं घ्यायला यायची आणि आधी माडीवर जाऊन ते मशीन पाहून यायची.

शेठजींनी मॅडमना मशीन पाहायला बोलावलं, तेव्हा त्यांच्यासोबत मीही गेलो होतो. एक म्हातारे शेतकरी पडद्याजवळ वाकून उभे होते. त्यांनी शेठजींच्या मुलाला विचारलं, हे काय करते. तो म्हणाला, लिहिते.

"मराठी लिहिते काय?"

"नाही. इंग्रजी. तेही मोठ्या अक्षरातलंच."

"मंग कायले आणलं?" म्हणत म्हातारबुवा जिना उतरून गेले. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. परत येताना त्या मला म्हणाल्या, "सर, बाबांचं बरोबर होतं."

त्याच खोलीत खिडकीखाली एका खाटेवर शेठजींची थोरली मुलगी पडून असायची. घरात तिला बेबी म्हणत. वय विशीच्या पुढचं. जन्मापासून हातपाय तिच्या ताब्यात नव्हते, मान डुलायची, तोंडातून शब्द यायचा नाही. तिची आई तिला भरवायची, पुसायची, कूस बदलायची. येणारेजाणारे तिच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करायचे. मीही तसंच केलं.

त्यानंतरच्या रविवारी मॅडम मराठी अक्षरं उमटवण्यासाठी मशीनला द्यायच्या सूचना एका कागदावर लिहून घेऊन गेल्या. ते मशीन चौकोनी ठोकळे उमटवू शकत होतं. ठोकळ्याला ठोकळा जोडून त्यांनी मोठाली अक्षरं बनवली आणि पडद्यावर गावाचं नाव काढायला घेतलं. माडीवर आम्ही दहाबाराजण जमलो होतो. ठोकळे उमटत गेले आणि पडद्यावर आलं, "वामशी."

आम्ही अजून वाचतच होतो, तोच खाटेवरून हसण्याचा आवाज आला.

"अशीच हसते ते," बेबीची आई ओशाळून म्हणाली. "तिले काही समजत नाही, मॅडम."

मॅडमनी अक्षरांची जागा सुधारली. "वाशीम" आलं. बेबी गप्प. मग त्यांनी मुद्दाम पुन्हा "वामशी" आणलं. बेबी अशी हसली की तिची उशी खाली पडली.

मॅडमनी शेठजींच्या मुलाची पाटी मागितली. कधी बरोबर, कधी उलटसुलट असे शब्द लिहून त्या पाटी बेबीसमोर धरत गेल्या. चुकलेल्या शब्दाला हसू, बरोबरला शांतता. मधेच एका बरोबर शब्दाला ती हसली. मॅडमनी पाटी स्वतःकडे वळवून पाहिली. गडबडीत एक वेलांटी राहिली होती.

"हिले वाचता येते," त्या म्हणाल्या.

तिला कुणी शिकवलं नव्हतं. खाटेसमोर भिंतीतलं कपाट होतं, फळ्यांवर जुनी वर्तमानपत्रं घातलेली, त्यांच्या कडा पुढे लोंबत. धाकटा भाऊ त्याच खोलीत बसून बाराखडी घोकायचा. ते कान आणि ते डोळे वीस वर्षं त्या खोलीत जागे होते, आणि घरातल्या कुणालाही ते माहीत नव्हतं. बेबीची आई भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या तोंडावर आनंद नव्हता. आपण इतकी वर्षं हिच्यासमोर काय काय बोललो, ते ती आठवत असावी.

पहिले काही दिवस सगळ्यांनी पाटीवरच प्रयत्न केला. पाटीवर अक्षरं लिहायची, बोट फिरवायचं, बेबी हसली की ते अक्षर धरायचं. पण सगळे तिच्यावर वाकले की तिचं अंग ताठ व्हायचं, हसू नको तिथे यायचं. शिवाय दोन अक्षरं झाली की आईच शब्द पुरा करायची. मॅडमनी हे नीट पाहिलं. त्या मला म्हणाल्या, "बोट फिरवणाऱ्याच्या मनात शब्द आधीच असते, सर. मशीनच्या मनात काही नाही. ते नुसतं थांबते."

बेबीचा डावा पाय थोडा तिच्या ऐकण्यातला होता. त्या पायाशी दारावरच्या घंटीचं बटण बसवायचं, पडद्यावर अक्षरं ओळीने दाखवायची, त्यांच्यावरून एक खूण सावकाश सरकत राहील, हव्या त्या अक्षराशी बटण दाबायचं. कल्पना इतकी साधी होती. अडचण मशीनची होती. त्याची स्मृती फार तोकडी. ठोकळ्यांची सगळी बाराखडी तिच्यात मावत नव्हती. मूठभर अक्षरं घातली की पोट भरायचं. आणि ठोकळ्यांच्या धिप्पाड अक्षरांत पडद्यावर दोन शब्दही धड बसत नव्हते.

मॅडमनी झाकण उघडून आत पाहिलं आणि अमेरिकेला पत्र लिहिलं. त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या. स्मृतीच्या आठ चिपा काढून त्यांच्या जागी मोठ्या आठ. पडद्याच्या स्मृतीसाठी एक छोटी चिप, जी आतल्या एका चिपेच्या पाठीवर स्वार करायची. कारण मशीन बनवणाऱ्यांनी तेवढी एक जागा वाचवली होती, आणि म्हणून त्याला फक्त मोठी इंग्रजी अक्षरं यायची. ती जागा भरली की आणखी कितीतरी अक्षरांना वाट मोकळी होणार होती. आणि तिसरी, ज्या चिपेत अक्षरांचे आकार साठवलेले असतात ती बदलून एक कोरी, जिच्यात त्या स्वतः मराठी आकार भरणार होत्या.

उत्तर आलं. शेठजींच्या भावाने चिपा एका ओळखीच्या डॉक्टरबरोबर पाठवल्या, पण बजावलं, की मशीन बिघडलं तर भारतात ते कुणी दुरुस्त करू शकणार नाही. शेठजी घाबरले. मशीनची त्यांना एवढी फिकीर नव्हती. ते मला दुकानात म्हणाले, की पाटीवर मुलगी हसते तेवढं पुरे आहे. उद्या सगळं बसवलं आणि तिने काहीच लिहिलं नाही, तर तिची आई ते सोसणार नाही. बेबीची आई दुकानामागच्या दाराच्या पडद्याआड उभी होती, हे आम्हाला माहीत नव्हतं. ती बाहेर आली आणि मॅडमना निरोप द्यायला सांगितलं, मशीन उघडा.

अक्षरं काढायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक अक्षराला ठिपक्यांची एक चिमुकली चौकट. तिच्यात क बसवा, ज्ञ बसवा. मी आयुष्यभर अक्षरं वाचली, शिकवली, पण ळ हा नेमका कसा वळतो याकडे कधी पाहिलं नव्हतं. आलेखाच्या कागदावर ठिपके भरत आम्ही भांडायचो. माझा ण मॅडमना म सारखा दिसे. त्यांचा ध मला घ सारखा. शेवटी पंच म्हणून कागद बेबीसमोर धरायचा. ती हसली की मी मुकाट्याने नवा कागद घ्यायचो.

कोऱ्या चिपेत हे आकार भरायला मॅडमनी लाकडी फळीवर बटणं बसवून एक यंत्र स्वतः तयार केलं होतं. एकेक ओळ बटणांनी मांडायची आणि विजेचा झटका देऊन चिपेत कोरायची. एक ओळ चुकली की काम वाया. पण ती चिप पुसता यायची. तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी होती. त्या खिडकीतून कडक ऊन आत गेलं, की आतलं लिहिलेलं हळूहळू पुसलं जायचं. यासाठी परदेशात वेगळा दिवा मिळतो म्हणे. मॅडम म्हणाल्या, आपल्याकडे मे महिना आहे.

तो देखावा माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. शेठजींच्या गच्चीवर पापड वाळत घातलेले, कुरडया वाळत घातलेल्या, आणि त्यांच्या मधोमध एका स्टीलच्या ताटलीत काळ्या मुंगळ्यासारखी एक चिप, खिडकी आभाळाकडे करून ठेवलेली. कावळा येईल म्हणून घरकामाची बाई काठी घेऊन बसायची. तिला विचारलं तर सांगायची, "मॅडमचं वाळून राह्यलं." काय वाळतंय हे तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि तरी मी तिथे तोंडात बोट घालून उभा राहायचो. सबंध बाराखडी उन्हात विरून जात होती, आणि ताटलीत डोळ्यांना काही फरक दिसत नव्हता.

चिपा बसवायच्या दिवशी मशीन प्रयोगशाळेत आणलं. मॅडमनी सकाळीच फरशीवर पाणी शिंपडलं होतं. माझा टेरेलीनचा शर्ट पाहून त्यांनी मला दारातच थांबवलं. टेरेलीनवर वीज साचते. शेठजीही टेरेलीनमध्ये. आम्ही दोघं दाराबाहेर उभे, आणि आत सुती लुगड्यातली बेबीची आई मॅडमच्या शेजारी. मॅडमनी नळावर हात ठेवला. मग बेबीच्या आईने, कुणी न सांगता, त्याच नळावर त्यांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला.

जुन्या चिपा एकेक करून निघाल्या, नव्या बसल्या. छोट्या चिपेचे पाय खालच्या चिपेच्या पायांना डाग देऊन जोडले. काम संपलं, बटण दाबलं. पडद्यावर नुसता कचरा उसळला. अर्धी अक्षरं, रेघा, चौकोन, सगळे थरथरत होते. शेठजींनी डोळे मिटले.

"पुन्हा पाहू," मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, पण त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी वीज काढली, भिंग घेऊन एकेका चिपेचे पाय तपासले. एका चिपेचा एक पाय भोकात न जाता पोटाखाली दुमडला होता. चिमट्याने त्यांनी तो सरळ केला. असा पाय पटकन तुटतो, हे मला त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा सांगितलं असतं तर आम्ही दाराबाहेर उभे राहू शकलो नसतो.

दुसऱ्यांदा बटण दाबलं आणि पडद्यावर अ उमटला. मग आ. मग इ. सगळी वर्णमाला काचेवर शिस्तीत येऊन उभी राहिली. बारीक, ठिपक्याठिपक्यांची, पण आपली.

मशीन माडीवर परत आलं, बटण पायाशी बसलं, तरी बेबीच्या पहिल्या वाक्याला बराच वेळ लागला. खूण सरकायची, हवं ते अक्षर निघून जायचं, पुन्हा पहिल्यापासून. आई मधे बोलू पाहायची, मॅडम नुसता हात वर करायच्या. "द" आलं. मग "दू". आई लगेच उठली. "दूध पाहिजे असंन," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली आणि रोजचा साखर घातलेल्या दुधाचा पेला घेऊन परत आली. तोवर पडद्यावर वाक्य पुरं झालं होतं.

"दूध नको."

जन्मापासून रोज दोन वेळा त्या मुलीला ते दूध पाजलं जात होतं. आई पेला हातात धरून उभी राहिली, आणि मग तिला हसू आलं. हसता हसता ती पदराने डोळे पुसायला लागली. शेठजी खोलीबाहेर निघून गेले. मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. जग पहिल्यांदाच पाहत असल्यासारख्या.

पुढच्या महिन्यांत बेबी बरंच बोलली. खिडकी उघडा. भावाचं गणित चुकलं. लिहायची आपल्या वऱ्हाडीत, मले नि तुले. शेठजींनी मला विचारलं, शुद्ध लिहायला शिकवता का. मी नको म्हणालो.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या घरी मला चहा स्टीलच्या कपात यायचा, घरातल्यांसारखाच. मॅडमना काचेच्या ग्लासात, आणि तो ग्लास वेगळा ठेवलेला असायचा. कुणी काही बोलत नव्हतं. मॅडम चहा प्यायच्या, कामाला लागायच्या. एकदा आम्ही सगळे बसलो असताना पडद्यावर अक्षरं यायला लागली. नेहमीप्रमाणे आम्ही थांबलो.

"मॅडमले गिलास काहून?"

ती सगळं पाहत होती. खाटेवरून दिसतं ते सगळं. शेठजींची मान खाली गेली. बेबीच्या आईने तो ग्लास उचलला आणि आत नेला. मी मॅडमकडे पाहिलं. त्या पडद्याजवळ वाकल्या होत्या.

"काहूनचा ह नीट उमटला नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पुन्हा पाहावा लागेल."

पुढच्या वेळी चहा आला तो सगळ्यांना एकसारख्या कपात. ती चिप पुन्हा एकदा उन्हात गेली, ह सुधारला गेला.

त्या वर्षाच्या अखेरीस मॅडमची आई वारली आणि हैदराबादच्या कारखान्याने त्यांना परत बोलावलं. तिथून त्यांनी अक्षरांची आणखी एक चिप भरून पाठवली, पहिली बिघडलीच तर असावी म्हणून. काही वर्षं पत्रं आली, मग विरळ झाली. त्या वारल्याचं मला त्यांच्या एका विद्यार्थ्याकडून कळलं, तेव्हा मी निवृत्तीला आलो होतो. बेबी त्या मशीनवर बरीच वर्षं बोलली.

पण मला मॅडम आठवतात त्या वाशीम सोडण्याच्या संध्याकाळच्या. सामान स्टेशनवर गेलं होतं. त्या निरोप घ्यायला शेठजींच्या माडीवर आल्या, मी सोबत होतो. बेबीने लिहायला सुरुवात केली. "म", मग "मॅ". अर्धंअधिक झालं आणि वीज गेली. पडदा काळा. त्या मशीनची स्मृती विजेवर जगायची. वीज गेली की बोललेलं सगळं गेलं.

खाली टांगा उभा होता. शेठजी म्हणाले, मॅडम, गाडी चुकेल. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. काय लिहायचं होतं असं त्यांनी बेबीला विचारलं नाही. कुणालाही अंदाज करू दिला नाही. आम्ही कंदिलाच्या उजेडात बसून राहिलो. गाडीची शिट्टी आम्हा सगळ्यांना ऐकू आली. "उद्या जाईन," त्या म्हणाल्या.

वीज आली. अक्षरं दाखवायच्या सूचना टेपवर साठवलेल्या होत्या, त्या पुन्हा मशीनमध्ये भराव्या लागल्या. बेबीने पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.

"मॅडम तुमचं नाव काय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या घरात कितीदा त्यांचा विषय निघाला असेल, पण सगळे मॅडमच म्हणायचे. त्यांचं नाव तिच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. मॅडमनी तिच्या कानाशी वाकून सांगितलं. फक्त नाव.

खूण सरकू लागली. एकेक अक्षर खाली उतरत गेलं. त्यातला प्रत्येक ठिपका मॅडमनी स्वतः कोरलेला होता. नाव पूर्ण झालं तसं बेबीने पाय बटणावरून काढून घेतला. तिला आणखी काही म्हणायचं नव्हतं. मॅडम आपल्या नावाकडे बघत बसल्या, दोन्ही हात मांडीवर, शाळेच्या पहिल्या दिवशी बसावं तशा. मशीन बंद करायला कुणीच उठलं नाही.